विषय: महाविद्यालयाला देणगी देण्यापूर्वी एक प्रश्न – प्राध्यापकाचा मालक कोण?

प्रेषक: सभासद, बे एरिया, कॅलिफोर्निया (मूळ गाव अंबाजोगाई)

सर्व सभासदांना सादर नमस्कार,

गणेशोत्सवाच्या शिलकीत वर्गणीची भर घालून मराठवाड्यातील एका अनुदानित महाविद्यालयाला संगणक कक्षासाठी देणगी द्यावी, असा प्रस्ताव आपल्या येथील मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने मांडला आहे. आपल्यापैकी बहुतेकजण अशाच महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलो, त्यामुळे देणगीला माझा विरोध नाही. मात्र त्या कक्षात शिकवणार कोण, याचा उल्लेख प्रस्तावात कोठेही दिसला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा चुलतभाऊ बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतो. तो सेट (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, पीएच.डी. आहे आणि आठवड्याला नऊ तासिका घेतो. महिनाअखेरीस तो घेतलेल्या तासिकांचा तक्ता भरतो, त्यावर विभागप्रमुखांची व प्राचार्यांची सही होते, देयक शासनाच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे जाते आणि तेथे अनुदान आलेले असेल तरच पैसे मिळतात. गेल्या वर्षी जुलैत शिकवलेल्या तासांचे मानधन दिवाळी उलटल्यावर आले. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच मिळत नाही; पावसाळा लागला की पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत आणि त्याच वर्गावर नव्याने नेमणूक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये मानधन ठरवून दिले होते. त्याची वर्षाची बेरीज त्या आकड्यांच्या जवळपासही जात नाही.

मी येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करते. दहा परिसरांच्या या विद्यापीठाचा कारभार राज्यघटनेनुसार २६ सदस्यांच्या विश्वस्त मंडळाकडे आहे. त्यांपैकी १८ जणांना राज्यपाल १२ वर्षांसाठी नेमतात आणि एक जागा विद्यार्थ्याची असते. उच्च शिक्षणातील कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क येथे १९७८ च्या कायद्याने दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये शिकवणारे व संशोधन करणारे विद्यार्थी, पोस्ट-डॉक्टरल संशोधक असे सुमारे ४८,००० जण संपावर गेले आणि सहा आठवड्यांच्या आत लेखी करार घेऊनच परतले. त्याच्या आदल्या वर्षी तात्पुरत्या व्याख्यात्यांनी संपाच्या ठरलेल्या दिवशी पहाटे समझोता मिळवला. येथे सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही, कारण शुल्कवाढ आणि कंत्राटी नेमणुका येथेही आहेत; पण भांडायचे कोणाशी हे येथे प्रत्येकाला ठाऊक असते.

आपल्याकडे माझ्या भावाने नेमके कोणाशी बोलायचे? सर, आपण प्राध्यापक संघटनेत आयुष्य घालवले आहे. मंडळाच्या या ई-मेल यादीवर सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी


प्रेषक: निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

प्रश्न नेमका विचारलास. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाचा मालक चार ठिकाणी विभागलेला आहे. नेमणुकीचे पत्र संस्था देते; निवड समितीवर प्रतिनिधी पाठवून नेमणुकीला मान्यता विद्यापीठ देते; वेतननिश्चिती आणि पगार सहसंचालक कार्यालयामार्फत होतो; आणि पद भरायचे की गोठवायचे हे मुंबईला मंत्रालयात, त्यातही उच्च शिक्षण विभागापेक्षा वित्त विभागात, ठरते. त्यामुळे तुझा भाऊ संस्थेकडे गेला तर संस्था अनुदानाकडे बोट दाखवते, सहसंचालकांकडे गेला तर ते तरतुदीकडे दाखवतात, आणि विद्यापीठ म्हणते की वेतन हा आमचा विषयच नाही. चारही जण आपापल्या जागी खरे बोलतात, आणि म्हणूनच हा गुंता वर्षानुवर्षे सुटत नाही.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. शिक्षक हे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. सेवेतून काढलेल्या किंवा पदावनत केलेल्या प्राध्यापकाला विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. परंतु शैक्षणिक वर्षाबरोबर ज्याची नेमणूकच संपते, त्याला कोणी काढावे लागत नाही. पूर्णवेळ मंडळींकडे निदान एमफुक्टो हा प्राध्यापक संघटनांचा राज्यव्यापी महासंघ आहे, आपल्या विद्यापीठात बामुक्टो आणि नांदेडकडे स्वामुक्टो या संघटना आहेत. २०१३ साली सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या प्राध्यापकांच्या प्रश्नासाठी आम्ही परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हा आंदोलन महिनोन्‌महिने चालले, उच्च न्यायालयात गेले आणि ७१ दिवसांच्या पगाराचा वाद पुढे किती वर्षे रेंगाळला, हे आमची पिढी विसरलेली नाही. त्या आंदोलनात सीएचबीचे प्राध्यापक आमच्याबरोबर उभे होते, पण त्यांचा प्रश्न मागण्यांच्या यादीत वर आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आता विद्यापीठाच्या कारभाराविषयी. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. तोवर आमची महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे दुसरे विद्यापीठ निघाले. तेव्हापासून नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हा भाग तिकडे आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव इकडे अशी विभागणी आहे. दोन्हीकडे आज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ लागू आहे. कुलपती म्हणजे राज्यपाल. शोध समितीने सुचवलेल्या नावांतून ते कुलगुरू नेमतात. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर करून मंत्र्यांना प्र-कुलपती करायचे आणि कुलगुरू निवडीत शासनाला वाटा द्यायचा असे ठरवले, ते पुढच्या सरकारने मागे घेतले. त्या वादात दोन्ही बाजूंनी विद्यापीठाच्या स्वायत्ततेवर पुष्कळ बोलणे झाले. रिकाम्या पदांवर त्या प्रमाणात बोलणे झाले असते, तर स्वायत्ततेला काही अर्थ आला असता. ज्या विभागात पूर्णवेळ माणूसच नाही त्याने स्वायत्त होऊन काय करायचे?

पैशाची बाजू मराठवाड्यात विशेष नाजूक आहे. मंजूर पदांचा पगार शासन देते; बाकी कारभार, त्यात कंत्राटी कर्मचाऱ्यांचे वेतनही आले, विद्यापीठाने मुख्यतः परीक्षा शुल्क आणि संलग्नीकरण शुल्कातून चालवायचा असतो. दुष्काळ जाहीर झाला की त्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ होते, २०१८ मध्येही झाले, आणि ते झालेच पाहिजे. परंतु त्याची भरपाई शासनाकडून येईपर्यंत ओढाताण विद्यापीठाला सोसावी लागते. म्हणजे ज्या वर्षी पोरांना विद्यापीठाची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी विद्यापीठाचा हात सर्वांत आखडता. दुसरीकडे २००१ पासून नवी महाविद्यालये कायम विनाअनुदान तत्त्वावर दिली गेली. संलग्नीकरणाचे शुल्क येत राहिले, महाविद्यालयांची संख्या वाढत राहिली, आणि त्यांत शिकवणाऱ्यांच्या पगाराची जबाबदारी शासनाने घेतलीच नाही. मराठवाड्याच्या मागासलेपणाची नोंद ठेवणारे वैधानिक विकास मंडळही एप्रिल २०२० मध्ये मुदत संपून थांबले.

२०२१ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतील २,०८८ सहायक प्राध्यापक पदे भरण्यास शासनाने मान्यता दिली, पण ती साऱ्या राज्यासाठी होती. निवृत्त होणाऱ्यांची रांग त्यापुढे चालतच राहिली.

संगणक कक्ष द्या, आनंदच आहे. मात्र माझी सूचना अशी आहे की त्यातील काही रक्कम फिरता निधी म्हणून ठेवावी. सीएचबी प्राध्यापकांचे मानधन संस्थेने त्यातून दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत द्यावे आणि अनुदान आल्यावर निधीत परत भरावे. हा व्यवहार संस्थेच्या नावावर असला पाहिजे, प्राध्यापकाच्या नावावर नव्हे. आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर बांधला जातो, तसे प्राध्यापकाचे होता कामा नये.

शिवाय विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून जाणारे दहा सदस्य असतात आणि अर्थसंकल्प त्या सभागृहापुढे येतो. तुमचे भाऊ, बहिणी, भाचे पदवीधर आहेत. त्यांनी मतदार नोंदणी करावी आणि मत मागायला येणाऱ्याला रिक्त पदांविषयी विचारावे, एवढे तरी फोनवरून सांगा.

आपला,
निवृत्त प्राध्यापक


प्रेषक: खजिनदार

आदरणीय सर आणि सर्व सभासद,

फिरत्या निधीची कल्पना मला मनापासून पटली, परंतु पैसे पाठवण्यात एक अडचण आहे आणि ती आधीच स्पष्ट व्हावी. आपले मंडळ परदेशात नोंदलेले आहे, त्यामुळे मंडळाच्या खात्यातून गेलेली रक्कम विदेशी अंशदान ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी किंवा केंद्र शासनाची पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. ज्यांनी येथील नागरिकत्व घेतले आहे त्यांनाही हाच नियम लागू होतो, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असो वा नसो. ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली रक्कम मात्र विदेशी अंशदानात मोडत नाही. प्रस्तावातील महाविद्यालयाची नोंदणी आहे की नाही, हे अद्याप कोणीही विचारलेले नाही.

खजिनदार


प्रेषक: सभासद, बे एरिया

सरांचे आणि खजिनदारांचे मनःपूर्वक आभार.

या दोन्ही पत्रांवरून माझा दुरुस्ती-प्रस्ताव असा आहे: महाविद्यालयाला आधी पत्र पाठवावे आणि त्यात एफसीआरए नोंदणीबरोबरच मंजूर पदे किती, भरलेली किती, सीएचबीवर किती जण आहेत आणि त्यांना शेवटचे मानधन कोणत्या महिन्याचे मिळाले, ही माहिती लेखी मागावी. फिरता निधी संस्थेच्या नावाने चालवण्याची तयारी आहे का, हेही त्याच पत्रात विचारावे. चारही बाजू एकमेकींकडे बोट दाखवत असताना निदान एका बाजूकडून सहीनिशी उत्तर मिळेल, आणि ते तुझ्या कामी येईल असे भावाला फोनवर सांगितल्यावर त्यानेच पत्राचा मराठी मसुदा करून देण्याचे कबूल केले आहे. उत्तर हाती येईपर्यंत संगणक कक्षाची रक्कमही पाठवू नये आणि हा प्रस्ताव कार्यकारिणीने पुढील बैठकीत मतास टाकावा, ही नम्र विनंती.