तीन फुटी टाकीत शंखात राहणारे दोन जातींचे सिक्लिड एकत्र नांदतील का?

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार. माझी टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच असून तीत आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातील मल्टीफॅसिएटस (थोडक्यात मल्टी) या रिकाम्या शंखांत राहणाऱ्या छोट्या सिक्लिड माशांची वसाहत चांगली रुजली आहे. डाव्या कोपऱ्यातील शंखांच्या ढिगात तीन पिढ्यांचे मासे दिसतात. उजवीकडची वाळू मात्र ओसाड पडून आहे, म्हणून तिथे सोनेरी ऑसेलाटस, ब्रेव्हिस किंवा सिमिलिस यांपैकी एखादी जात सोडावी असे मनात आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की हे सगळे शंखातलेच मासे, तेव्हा शंख वाढवले की भांडण राहत नाही. हे कितपत खरे आहे? शिवाय माझ्याकडे नर्मदेचे नळाचे पाणी आणि इमारतीच्या बोअरिंगचे पाणी अशी दोन्ही सोय आहे. त्यातले कोणते वापरावे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद (सुदामा नगर, इंदूर)

दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. शंख कमी असतील तर भांडण नक्की होते, पण शंख मुबलक असले म्हणून ते टळत नाही, कारण हे मासे शंखाइतकेच भोवतालच्या वाळूसाठी भांडतात. त्यामुळे टाकीत पाणी किती लिटर मावते याला येथे फारसा अर्थ नाही. तळ किती लांब-रुंद आहे ते पाहावे.

प्रत्येक जातीची वाळू वापरण्याची तऱ्हा निराळी आहे. मल्टी वाळू तोंडात भरून दूर नेऊन टाकतात आणि शंखांचा ढीग उघडा पाडतात. मग त्या उघड्या ढिगात जुन्या वाड्यातील बिऱ्हाडांप्रमाणे अनेक कुटुंबे एकमेकांना खेटून राहतात आणि पिल्ले मोठी झाली तरी तिथेच राहतात. ऑसेलाटसचे याच्या उलट असते. तो शंखाखालची वाळू उपसतो, शंख तोंड वर येईल असा फिरवतो आणि वाळूत पुरून टाकतो, म्हणजे बाहेरून फक्त एक भोक दिसते. एकाला शंख उघडे हवेत आणि दुसऱ्याला पुरलेले, तेव्हा सीमेवरच्या शंखांवरून रोजची कुरबुर ठरलेली. त्यात ऑसेलाटसचा नर फार तापट. कल्ल्याच्या झाकणावरचा सोनेरी कडेचा काळा ठिपका दाखवत तो कल्ले फुगवून उभा राहतो आणि टाकीत हात घातला तर बोटालाही चावायला कमी करत नाही. चार फुटी टाकीत मी हे दोघे एकत्र ठेवीन, तीन फुटीत ठेवणार नाही.

सिमिलिसचा विचार तर सोडूनच द्यावा. तो मल्टीचा इतका जवळचा नातलग आहे की दोघांचा संकर होतो, आणि ती पिल्ले पुढे कोणाच्या टाकीत कोणत्या नावाने जातील याचा भरवसा राहत नाही. तोच धोका ऑसेलाटस आणि स्पेसिओसस ही शंखात राहणारी आणखी एक जात एकत्र ठेवण्यातही आहे.

प्रतिसाद (महू)

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, पण तीन फुटी टाकीत दुसरी जात नकोच असा कोणाचा समज होऊ नये. ब्रेव्हिसची एक जोडी आपल्या टाकीत राहू शकते. नर आणि मादी बहुधा एकाच शंखात राहतात, वाळू फारशी उपसत नाहीत आणि एका ठिकाणी रमले की तिथून सहसा हलत नाहीत. त्यांच्यासाठी तीन-चार शंख पुरेत. जास्त शंख दिले तर ते मल्टींना आमंत्रणच ठरते, कारण वसाहत वाढली की तरुण मासे रिकामे शंख शोधत पुढे सरकतात.

दोन्ही वस्त्यांच्या मध्ये दगडांची आडवी रांग असावी आणि तिच्या दोन्ही अंगांना वीतभर मोकळी वाळू राहावी. हे दगड आधी थेट काचेच्या तळावर बसवावेत आणि मग वाळू भरावी. वाळूवर ठेवलेला दगड हे मासे खणून खणून कधी कलंडवतील याचा नेम नसतो. वाळू बारीक चाळलेली आणि दोन-तीन इंच जाड असावी. नव्या जोडीला मात्र एक-दोन ज्यादा शंख देऊन पाहावे, कारण जोडी जमली नाही तर हरलेल्या माशाला तेवढाच आसरा.

दुकानात ‘शंखवाले’ म्हणून कधी कॅलिप्टेरसही विकला जातो, त्यापासून दूर राहावे. त्याची मादी लहान आणि शंखात मावणारी असते, पण नर तिच्या वजनाच्या बारा पटींपर्यंत वाढतो. सरोवरात तो दुसऱ्यांचे शंख, कधी आत मादी असली तरी, तोंडात धरून आपल्या ढिगात आणून ठेवतो. आपल्या टाकीत त्याने काय गोंधळ घातला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार, ब्रेव्हिसचा पर्याय पटला. पण आता एक नवीच शंका आली. माझे मासे मल्टीच आहेत, सिमिलिस नाहीत, हे ओळखावे कसे? दुकानात दोन्ही टाक्यांवर एकच पाटी होती.

प्रतिसाद (सुदामा नगर, इंदूर)

डोके पाहावे. मल्टीच्या अंगावरचे उभे पट्टे कल्ल्यांच्या मागेच थांबतात आणि डोके बिनपट्ट्याचे राहते; सिमिलिसचे पट्टे पुढे डोक्यावर, डोळ्यांच्या मागेपर्यंत आलेले असतात. घाबरलेल्या माशाचा रंग फिका पडतो, तेव्हा मासा निवांत असताना बाजूने पाहावे. मल्टीची शास्त्रीय नोंद 1906 ची आणि सिमिलिसची 1992 ची, तेव्हा दुकानदाराने दोघांना एकाच पाटीखाली घातले यात फार नवल नाही.

प्रतिसाद (रामबाग, इंदूर)

पाण्याविषयी. टांगानिका सरोवराचे पाणी जड असून त्याचा पीएच (आम्लता-क्षारता दाखवणारा आकडा; 7 च्या वर क्षारीय) साधारण 8.6 ते 9.2 असतो; टाकीत वाढलेल्या माशांना 8 ते 8.5 चालतो, मात्र तो स्थिर असला पाहिजे. माळव्याच्या काळ्या दगडातून येणारे बोअरिंगचे पाणी बहुधा जड असते, म्हणून तेच मुख्य धरावे, पण नायट्रेट तपासल्याशिवाय वापरू नये, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावे. नळाचे पाणी वापरायचे झाल्यास क्लोरीन काढून टाकावे आणि फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा ठेवावा. खाण्याच्या सोड्याने पीएच 8.3 च्या आसपास येतो, तोही बदलण्याच्या पाण्यात विरघळवून, थोडाथोडा. आरओचे पाणी या माशांच्या कामाचे नाही.

येथे एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. पाणी जितके क्षारीय, तितका अमोनिया विषारी. 25 अंश तापमानाला पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 9 ला तोच भाग एक तृतीयांशाच्या वर जातो. म्हणून नवी जोडी आली की पहिले काही दिवस खाणे कमीच द्यावे आणि मेलेला मासा शंखात कुजत नाही ना, हे पाहत राहावे. मे महिन्यात आपल्याकडे खोलीचे तापमान सहज पस्तिशीपार जाते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा टाकीच्या वर पंखा लावून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवावा.

शंखांसाठी समुद्रकाठचे निमुळते शंख घेऊ नयेत. आतल्या अरुंद वळणात मासा अडकतो. आपल्याकडच्या तळ्यांतील मोठ्या गोगलगाईंचे रिकामे शंख उत्तम, तोंड रुंद आणि आतून गुळगुळीत. ते उकळून, घासून वापरावेत. सिरपूर आणि यशवंतसागर ही रामसर स्थळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, आहेत, तिथून काही उचलू नये. गावाकडच्या तलावाकाठी उन्हाळ्यात पाणी ओसरले की हवे तेवढे मिळतात.

प्रतिसाद (महू)

एक राहिले. जोडी सोडण्याआधी मल्टींचे ओसाड बाजूला भटकलेले शंख उचलून डाव्या ढिगात परत ठेवावेत, मधले दगड बसवावेत आणि दिवे घालवून संध्याकाळी ब्रेव्हिस सोडावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे एकाच शंखाच्या तोंडाशी दिसले तर जोडी जमली असे समजावे. एक मासा वरच्या कोपऱ्यात फिल्टरमागे पंख मिटून बसलेला दिसला, तर त्याला त्याच दिवशी बाहेर काढावे.