मदत हवी आहे: घरच्या कुत्रीला मुलासाठी सहायक श्वान म्हणून तयार करता येईल का?

मीरा_आई: माझा मुलगा रस्त्यात हात सोडून एकाएकी धावत सुटतो. आमच्याकडे सहा महिन्यांची लॅब्राडोर कुत्री आहे. तिला घरच्या घरी सहायक श्वानाचे प्रशिक्षण देता येईल का आणि त्याला किती काळ लागेल? ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया लवकर उत्तर द्यावे.

शिशिर: ताई, मुलाचे वय आणि निदान कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. स्वमग्न मुलासाठी कुत्र्याचे काम वेगळे असते, फिट्स येणाऱ्या मुलासाठी वेगळे. फिट आल्यावर भुंकून मोठ्यांना बोलावणे शिकवता येते. ती येण्याआधी ओळखणे मात्र खात्रीने शिकवता येत नाही.

अनघा_क: आम्ही संस्थेकडून प्रशिक्षित कुत्रा घेतला आणि तुम्हीही तेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. मुलगी रात्री दचकून उठली की तो पलंगावर चढून तिच्या मांड्यांवर आडवा पडतो आणि त्या वजनाखाली तिची धाप हळूहळू बसते. बाहेर जाताना तिच्या कमरेचा पट्टा त्याच्या अंगावरच्या पट्ट्याला जोडलेला असतो, पण त्याची दोरी माझ्या हातात असते. ती पळू लागली की तो जागीच बसतो. आज्ञा मोठ्या माणसानेच द्यायची असते, हे आधी लक्षात घ्या.

विनायक_द: मुलाला कुत्र्याला बांधण्याला माझा ठाम विरोध आहे. मूल हिसडा देते तेव्हा सगळा ताण त्या प्राण्याच्या अंगावर येतो आणि कुत्राच बिथरला तर मूल फरफटत जाते.

अनघा_क: म्हणूनच कुत्रा मुलापेक्षा पुरेसा वजनदार असावा लागतो आणि मूल मोठे झाले की हा उपाय थांबवावा लागतो. सरसकट विरोध करू नये, ही विनंती.

तेजस्विनी: घोडेस्वारीच्या उपचाराचा विचार केला आहे का? आमच्या भाच्याचा तोल त्याने बराच सुधारला.

शिशिर: तोल हा इथला प्रश्नच नाही. कॅनडातील 42 स्वमग्न मुलांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. घरात सहायक श्वान असताना, सकाळी उठल्यानंतर लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकात होणारी वाढ त्यात बरीच कमी आढळली. कुत्रा काही काळ दूर नेल्यावर ती पुन्हा वाढली. ताई, वय आणि निदान अजूनही कळलेले नाही.

मीरा_आई: तो नऊ वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे, धावत सुटतो म्हटल्यावर हे लक्षात येईल असे मला वाटले. कुत्री भुंकली की तो कान झाकून दुसऱ्या खोलीत जातो, बाकी दोघांचे चांगले जमते.

विनायक_द: हे तर पहिल्याच ओळीत यायला हवे होते!

शिशिर: मग आधी आवाजाचा प्रश्न सोडवावा लागेल, कारण ज्याच्यापासून मूल दूर पळते तो प्राणी त्याला रस्त्यात थांबवू शकणार नाही. पूर्ण प्रशिक्षणाला साधारण दीड ते दोन वर्षे लागतात आणि चांगल्या वंशाची, निवडून घेतलेली कितीतरी पिल्लेही स्वभावामुळे मध्येच बाद होतात, त्यामुळे तुमची कुत्री उत्तम सोबती ठरली तरी या कामाला योग्य ठरेलच असे नाही. अनुभवी प्रशिक्षकाकडून तिचा स्वभाव तपासून घ्या आणि तोवर दाराला वरच्या बाजूस कडी व उघडल्यावर वाजणारी घंटा बसवा. ती कशामुळे भुंकते, दाराच्या बेलमुळे, अनोळखी माणसांमुळे की एकटी पडल्यामुळे, तेवढे सविस्तर लिहा.