ताक घुसळण्याची उपमा आणि फ्लोरिन

युरेनियमचे जड-हलके अणू वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूज या वेगाने फिरणाऱ्या यंत्राला ताक घुसळण्याची उपमा देतात; जड बाहेर, हलकं मध्ये, इथपर्यंत ती चालते. पण युरेनियम-२३५, म्हणजे हवा असलेला हलका प्रकार, एका घुसळणीत लोण्यासारखं हाती येत नाही. एका यंत्रातून प्रमाण किंचितच वाढतं, म्हणून शेकडो-हजारो यंत्रं साखळीने जोडतात. या उपमेत फ्लोरिनचा उल्लेख मात्र राहून जातो. यंत्रात फिरतो तो युरेनियम हेक्साफ्लोराइडचा वायू, रेणूंची वजनं ३४९ (युरेनियम-२३५ असेल तर) आणि ३५२ (जड युरेनियम-२३८ असेल तर). निसर्गात फ्लोरिनचा एकच समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचा ठरावीक वजनाचा प्रकार) आहे, फ्लोरिन-१९, त्यामुळे ३ एककांचा हा फरक निव्वळ युरेनियमचाच. क्लोरीनसारखे दोन असते तर वजनांची सरमिसळ होऊन बसली असती. मला हे फार विलक्षण वाटतं!

आणि या यंत्राबद्दल बोलताना गेरनोट झिप्पे यांचं नाव घ्यायलाच हवं. सोव्हिएत संघात युद्धकैदी असताना या ऑस्ट्रियन अभियंत्याने सहकाऱ्यांसह यंत्रातलं गरगरणारं नळकांडं खाली सुईच्या टोकावर तोललं आणि वरचं टोक चुंबकाने, स्पर्श न करता, धरून ठेवलं. भोवती निर्वात कवच. घर्षण इतकं कमी झालं की फिरत ठेवायला फारशी वीज लागेना. १९५६ साली सुटल्यावर त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठात ते यंत्र आठवणीतून पुन्हा उभं केलं.