रात्री काहीच न खाता सकाळी साखर वाढते कशी?

वेंगुर्ल्याची लेक:
बाबांना सहा वर्षं मधुमेह आहे. रात्री आठला भाकरी नि बांगड्याची कढी, मग फक्त पाणी. परवा मी स्वतः मोजली: झोपताना 124, सकाळी सहाला 161. आई म्हणते, "रात्री उठान डबो उघडतत." डब्यात जत्रेतलं खाजं आहे. बाबा काही बोलले नाहीत, पण कालपासून जेवताना मान वर करत नाहीत. त्यांनी खाल्लं नसेल, तर साखर आली कुठून?

कुडाळचा लॅबवाला:
ताई, आधी आईंना सांगा, डबा न उघडताही 161 येते. वीस वर्षं रक्त तपासतोय, असे आकडे रोज बघतो.

आगोटीला आपण तांदूळ, सुकी मासळी भरून ठेवतो, तशी यकृत जेवणानंतर ग्लुकोजची बेगमी करतं, साधारण 100 ग्रॅम. भरायला लावतं इन्सुलिन, काढायला लावतं ग्लुकागॉन. दोन्ही हार्मोन्स स्वादुपिंडातल्या पेशींच्या त्याच इवल्या पुंजक्यांतून, म्हणजे 'बेटां'तून येतात. बीटा पेशींतून इन्सुलिन, अल्फा पेशींतून ग्लुकागॉन. सगळ्या रक्तात मिळून साखर जेमतेम चमचाभर, आणि मेंदूला ती रात्रभर लागते. म्हणून झोपेतही ग्लुकागॉनला थांबून चालत नाही, इन्सुलिन फक्त त्याला आवरून धरतं. मधुमेहात तो आवर सैल पडतो. त्यात पहाटे कॉर्टिसॉल नि ग्रोथ हार्मोन चढतात, तीही साखर वाढवणाऱ्यांच्याच बाजूची. निरोगी शरीर जास्त इन्सुलिन सोडून हे निभावतं. बाबांचं अपुरं पडतं.

एकदा पहाटे तीनलाही मोजा. तेव्हा 70 च्या खाली आली तर गोष्ट वेगळी, डॉक्टरांना लगेच कळवा. गोळ्या मनाने वाढवू नका.

मालवणची काकी:
ह्या 70 कडे लक्ष दे गो. आमच्या ह्यांनी ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, घेतली आणि दशावतार बघायच्या नादात जेवण राहिलं. घामाने सदरा ओला, हात थरथरत होते, साखर 58. तो घाम नि थरथर अॅड्रेनॅलिनची, तेही साखर वर आणायलाच धावतं. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग पेज भरवली. अजून आठवलं की छातीत धडधडतं.

वेंगुर्ल्याची लेक:
काल तीनला उठून मोजली: 131. सहाला 158. मधल्या तीन तासांत मी त्यांच्या उशाशीच बसून होते. आईला दोन्ही आकडे दाखवले. ती काही बोलली नाही, बाबांसाठी बिनसाखरेचा चहा घेऊन गेली आणि त्यांच्याजवळ बसली. गुरुवारी डॉक्टरांकडे वही घेऊन जातोय.