ओपन वर्ल्ड आरपीजींमधला रस ओसरत चालला आहे: दोष खेळांचा की माझा?

सुदामानगरकर (प्रश्न)

नमस्कार. मी इंदूरला राहतो, वय ३९, ऑडिटचे काम करतो. विषय ओपन वर्ल्ड आरपीजींचा, म्हणजे मोठ्या मोकळ्या जगात हवे तिकडे फिरत एखाद्या पात्राची भूमिका निभावायच्या संगणकीय खेळांचा असला तरी प्रश्न गंभीरपणे विचारतो आहे, कारण जी गोष्ट मला वर्षानुवर्षे सर्वांत प्रिय होती तिच्याकडे आताशा मन वळत नाही आणि त्याचे नेमके कारण मला सापडत नाही.

२००४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत रामबागेत मामाकडे राहत असताना मामेभावाच्या संगणकावर मी पहिल्यांदा ‘मॉरोविंड’ खेळलो. जहाजातून उतरवून दलदलीतल्या एका गावात सोडून दिलेला कैदी आणि एका अनोळखी माणसाला पोहोचवायचे पाकीट, एवढीच सुरुवात. गावाबाहेर थोडे चालून गेल्यावर वरून किंकाळी ऐकू आली आणि एक जादूगार आमच्यासमोर जमिनीवर आपटून मेला. त्याच्याजवळ मंत्राची तीन भेंडोळी होती. मामेभाऊ नको नको म्हणत असतानाच मी एक वाचले, उडी मारली, डोंगरापलीकडे गेलो, आणि खाली कसे उतरायचे हे त्या मंत्रात नसल्यामुळे त्या जादूगारासारखाच मेलो. आम्ही इतके हसलो की आजीची दुपारची झोप मोडली. त्या वर्षांत मध्य प्रदेशात भारनियमनाचा कहर होता. सेव्ह करायच्या आत वीज गेली की तासाभराची मेहनत पुसली जाई, आणि तरीही वीज आल्यावर तोच तास पुन्हा कोणी खेळायचा यावरून आमची भांडणे होत.

आता लॅपटॉप चांगला आहे, वीज जात नाही, आणि हिवाळ्यातल्या सेलमध्ये घेतलेले गेम पडून आहेत. ‘विचर ३’ मधली वेलेन प्रांतातल्या सरदाराची कथा मला आजही अस्वस्थ करते, इतकी ती चांगली लिहिली आहे. पण स्केलिगे या त्यातल्या बेटांच्या प्रदेशात पोहोचल्यावर नकाशा उघडला, समुद्रभर पसरलेली, न पाहिलेल्या जागांची प्रश्नचिन्हे पाहिली, उद्या बघू म्हणून लॅपटॉप मिटला, आणि त्या गोष्टीला आता आठ महिने झाले. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ आणि तिसऱ्यांदा सुरू केलेला ‘स्कायरिम’ यांचीही गत तीच. पहिले दहा-बारा तास मन लागते, तिसाव्या तासाच्या आसपास खेळाचे काम होते, आणि शेवट कधीच येत नाही.

कृपया ‘वय झाले, वेळ मिळत नाही’ असे उत्तर देऊ नये. रात्री दहानंतर दीड तास माझा स्वतःचा असतो. तो मी दुसरे लोक हेच गेम खेळतानाचे व्हिडिओ पाहण्यात घालवतो, आणि हे लिहितानाही मला थोडी लाज वाटते आहे.

विजयनगरची टेस्टर

मी सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते, त्यामुळे माझे उत्तर थोडे यंत्राच्या बाजूने येईल, ते समजून घ्यावे.

‘मॉरोविंड’ २००२ चा. त्यात पात्रांचे बहुतेक बोलणे केवळ लिहिलेले असे, त्यामुळे पूल ओलांडा, नदी डाव्या हाताला ठेवा, मोठा खडक दिसला की वर चढा, असा परिच्छेदभर पत्ता पात्राच्या तोंडी घालणे लेखकाला सहज शक्य होते. त्याच मालिकेतल्या पुढच्या, २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये सगळे संवाद आवाजात ध्वनिमुद्रित झाले. आवाज आला की मजकूर आखडतो, कारण प्रत्येक वाक्याला नट, स्टुडिओ आणि पैसा लागतो. त्याच गेममध्ये दिशा दाखवणारा मार्कर आला आणि नकाशावर बोट ठेवून मोठ्या शहरांत थेट पोहोचण्याची सोयही आली. म्हणजे कुठे जायचे ही माहिती माणसाच्या तोंडून निघून पडद्याच्या पट्टीवर गेली.

याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही. ‘मार्कर बंद करून खेळा’ हा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील, पण याच मालिकेतल्या ‘स्कायरिम’मध्ये तो बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण काम सांगणारा माणूस ‘अमुक गुहेतून तलवार घेऊन ये’ एवढेच म्हणतो. गुहा कुठे आहे हे त्याच्या वाक्यात लिहिलेलेच नाही, मग मार्कर बंद करून ऐकायचे काय? ‘ओडिसी’मध्ये मात्र शोधमोहिमेची वेगळी पद्धत निवडता येते. ती निवडली की पात्रे प्रांत, दिशा आणि जवळची खूण सांगतात आणि जागा आपल्याला हुडकावी लागते. तुम्ही ती पद्धत निवडली होती का? आणि ‘विचर ३’ च्या डिसेंबर २०२२ मधल्या मोठ्या अपडेटनंतर नकाशा मुळातच प्रश्नचिन्हे आणि होड्या लपवून उघडतो. तुमच्यासारखे लोक निर्मात्यांना बरेच भेटले असावेत.

आता आकाराविषयी. याच मालिकेतल्या १९९६ च्या ‘डॅगरफॉल’चे जग सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशाच्या निम्म्याहून थोडे मोठे होते. त्यातला बहुतांश भाग यंत्राने रचलेला होता आणि एक गाव दुसऱ्यापासून ओळखू येत नसे. ‘स्कायरिम’मध्येही काही संघटनांची लिहिलेली कथा संपली की पुढची कामे यंत्र वाटत राहते: अमक्याला मारून या, तमके परत आणा, आणि हे कधीच संपत नाही. आमच्या कामात रकाने भरून काढण्यासाठी असाच मजकूर यंत्राकडून तयार करून घेतात. त्याला टेस्ट डेटा म्हणतात आणि तो कोणी प्रेमाने वाचत नाही.

म्हणून दोष तुमचा आहे असे मला वाटत नाही.

मुरारचा जुना खेळाडू

मी ग्वाल्हेरचा, वयाने तुमच्याहून बराच मोठा. विजयनगरच्या ताईंचे विवेचन पटले, पण निष्कर्ष पटला नाही.

गेल्या दिवाळीत मी ‘मॉरोविंड’ पुन्हा बसवला. त्यासाठी ‘ओपनएमडब्ल्यू’ नावाचे मुक्त इंजिन आहे, त्यावर तो आजच्या संगणकावर सुरळीत चालतो. पत्ते वाचून वाट काढायची त्यांनी सांगितलेली सगळी मौज तिथे शाबूत होती, तरी मी सहा तासांच्या पुढे गेलो नाही. तलवार उंदराच्या अंगातून आरपार गेलेली दिसते आणि गणितानुसार वार चुकलेला असतो. चालण्याचा वेग असा की इष्टस्थळ येईपर्यंत चहा करून आणावा. आणि ते उडणारे क्लिफ रेसर, ज्यांना मी २००३ मध्ये शिव्या दिल्या होत्या, ते माझी वाट पाहतच होते. जुना गेम जसाच्या तसा मिळाला म्हणून जुना मी काही मिळालो नाही.

माझ्या मते आपल्याला या खेळांची घडण पाठ झाली आहे. ‘स्कायरिम’मधल्या गुहेत शिरताना मला आधीच ठाऊक असते की शेवटच्या दालनात पेटी असेल आणि त्यामागची एखादी वाट मला फिरवून दाराजवळ आणून सोडेल. पण इथे मी स्वतःच अडतो. तानसेन समारोहात मी तीस वर्षे जातो आहे. विलंबित ख्यालात सम कुठे येणार हे मला ठाऊक असते, आणि ठाऊक असते म्हणूनच गायक तिच्याकडे कसा येतो याचा आनंद दुप्पट होतो. मग पाठ झालेली घडण तिथे सुख देते आणि इथे कंटाळा, असे का? बराच विचार करून मला एवढेच सुचले की गायक दर वेळी समेवर वेगळ्या वाटेने येतो, आणि गुहेतली वाट मात्र पेटीपर्यंत पोहोचण्यापुरतीच खणलेली असते. तिथे चालण्यात काही नसते, सगळे पेटीत असते, आणि पेटीत आधीच्या तलवारीहून दोन गुणांनी बरी तलवार असते.

शिवाय तेव्हा आपल्याकडे एकच सीडी होती, हेही विसरू नये. माझ्या खात्यात आज ११२ गेम आहेत. कंटाळ्याच्या पहिल्या झुळुकीला उठून दुसऱ्या ताटावर बसता येते, म्हणून आपण बसतो.

पिपल्याहाना चौक

गेम म्हणजे बँकेचा हप्ता नव्हे. अर्धा सोडला तर कोणी वसुलीला येत नाही. ‘विचर’मधली सरदाराची कथा तुम्हाला आठवते ना? मग पैसे फिटले. स्केलिगे राहिले तर राहिले.

राजेंद्रनगर, दुसरी गल्ली

मी मानसशास्त्र शिकवते आणि मुलाच्या आग्रहामुळे ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा असाच मोकळ्या जगाचा गेम खेळू लागले, त्यामुळे या विषयात माझा अधिकार अर्धाच आहे.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन संशोधकांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्या मुलांना चित्रे काढायला मनापासून आवडत होते त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलेत तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना न सांगता नंतर अचानक दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी रंग पुन्हा समोर ठेवले, तेव्हा ज्यांना बक्षिसाचे वचन देऊन काढायला लावले होते ती मुले चित्रांवर इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवताना दिसली. बक्षीस अचानक मिळालेल्या मुलांचा रस कमी झाला नव्हता. तेव्हा घात बक्षिसाने होत नाही, आधी जाहीर केलेल्या बक्षिसाने होतो. सुदामानगरकरांनी त्या आकाशातून पडलेल्या जादूगाराचा किस्सा या अंगाने पुन्हा वाचावा. ती भेंडोळी नकाशावर आधीच चिन्ह करून दाखवली असती तर आजींची झोप मोडली असती का?

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जगभर ९०० कोरोक बिया लपवलेल्या आहेत, त्या देऊन सामानाची झोळी वाढवता येते. त्या सगळ्या गोळा करणाऱ्याला शेवटी जे मिळते ते सोनेरी शेणाच्या गोळ्यासारखे दिसते आणि त्याचा काडीचाही उपयोग नसतो. लोक यावर चिडले. मला मात्र तो निर्मात्यांनी दिलेला सभ्य टोमणा वाटतो. झोळी वाढवायला त्या बियांचा जेवढा उपयोग आहे, तेवढा ९०० होण्याच्या कितीतरी आधीच संपलेला असतो.

मागच्या थंडीत आमच्याकडे पुण्याहून पाहुणे आले होते. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, काय काय खायचे याची चौदा पदार्थांची यादी त्यांनी मोबाइलमध्ये करून आणली होती. सराफांची दुकाने मिटून त्यांच्या ओट्यांवर गाड्या लागल्या तसे ते यादी घेऊन निघाले. भुट्ट्याचा कीस झाला, गराडू (तळलेला कंद) झाले, आणि पाचव्या पदार्थाला पोट भरलेले असूनही उरलेले नऊ राहतील या धास्तीने ते खातच राहिले. परतताना चव कशाची लागली असे विचारले तर त्यांना सांगता येईना. एक शंका धीर करून विचारते, राग मानू नये: दिवसभर तुम्ही नोंदी जुळवता, कोणती रक्कम राहिली ते शोधता. रात्री नकाशा उघडल्यावर तुम्ही तेच तर करत नाही ना?

सुदामानगरकर

उत्तरांना तीन आठवडे उशीर झाला, क्षमस्व. जे केले ते सांगतो.

‘विचर ३’ अपडेट केला, आणि प्रश्नचिन्हे खरोखरच गायब झाली. दोन रात्री फार आनंदात गेल्या. होडीतून निघालो, वादळात एका निर्जन बेटाला लागलो, तिथे काहीही सापडले नाही आणि तरी बरे वाटले. तिसऱ्या रात्री मात्र, या बेटावर माझे काही राहिले तर नाही ना, हा विचार डोक्यात शिरला. अर्धा तास मी त्याच्याशी झगडलो आणि मग नकाशाची गाळणी (फिल्टर) बदलून चिन्हे परत आणली. समुद्र पुन्हा प्रश्नचिन्हांनी भरला, आणि माझा हात आपोआप ती मोजायला लागला. राजेंद्रनगरच्या ताई, राग मुळीच आला नाही, पण त्या रात्री झोप उशिरा लागली. विजयनगरच्या ताई, ‘ओडिसी’त मी तयार मार्गदर्शनाची पद्धत निवडली होती, आणि तीही न वाचता.

मुरारच्या काकांना एक सांगायचे आहे. समेचे तुमचे म्हणणे मला पटले, म्हणून लहान जगाचा, पाठ न झालेल्या घडणीचा गेम शोधला. २००१ सालचा ‘गॉथिक’, जर्मन बनावटीचा, मी तो कधीच खेळलो नव्हतो. जादूच्या घुमटाखाली अडकलेली कैद्यांची वसाहत आणि तीन छावण्या, एवढेच जग. पडद्यावर ना मार्कर ना बाण. पहिल्या तासात शहामृगासारख्या एका पक्ष्याने मला सहा वेळा मारले. बटणांची रचना इतकी विचित्र आहे की जमिनीवरची वस्तू उचलतानाही विचार करावा लागतो, आणि हा गेम मी कोणालाही बिनदिक्कत सुचवणार नाही.

पण काल रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटला तो दलदलीतल्या छावणीची वाट चुकून, अंधारात, एका कड्याच्या काठावर उभा असताना, आणि आज दुपारी ताळेबंद पाहताना मध्येच तो कडा आठवला. जुन्या छावणीत एक जण नकाशे विकतो असे कळले आहे. तिथे नाण्यांऐवजी खनिजाचे तुकडे चालतात, आणि माझ्याजवळ ते पुरेसे आहेत. अजून घेतलेला नाही.