फील्ड मार्शल स्लिम: गुरख्यांच्या या साहेबाला आपण मान द्यावा का?

कडेपठार (धागाकर्ता)

१९४३ साली जपान्यांविरुद्धच्या बर्मा आघाडीवर एका जखमी जवानामागे एकशेवीस जण आजारी पडून मागे येत होते. हिवताप, हगवण. हिवताप टाळणारी मेपाक्रिनची गोळी रोज घ्यायचा हुकूम होता, पण तिने पुरुषत्व जातं अशी कंडी पिकलेली, म्हणून जवान ती टाळायचे. चौदाव्या सेनेचा सेनापती विल्यम स्लिमने अचानक तपासण्या लावल्या. पलटणीत गोळी घेणारे ९५ टक्क्यांच्या खाली निघाले, की तिथल्या कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. असे तिघे गेले आणि बाकीचे काय ते समजले.

जवान आजारी पडला तर दोष साहेबाचा, ही रीत तो गुरख्यांत राहून शिकला असं मला ठामपणे वाटतं. घर बेताचं, आधी शाळेत मास्तरकी, मग कारकुनी. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला सहाव्या गुरखा रायफल्सची पलटण लढताना त्याने पाहिली आणि तिथेच जखमी झाला. पुढे त्याच रेजिमेंटमध्ये आला, गोरखाली, म्हणजे नेपाळी, शिकला. १९३८ मध्ये सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियन त्याच्या हाती आली. मग १९४२ ची बर्मातून नऊशे मैलांची माघार, १९४४ ची इम्फाळ-कोहिमाची लढाई, १९४५ मध्ये बर्मातलं मंडाले परत घेणं. इंग्रज साहेब म्हटलं की आपल्याला डायर आठवतो. स्लिमला त्या रांगेत बसवू नये.

मुळाकाठ

पूर्ण असहमत. रांग वेगळी असेल, पण वाडा एकच.

स्लिमच्याच सातव्या गुरखा रायफल्सचा गंजू लामा घ्या. जून १९४४, इम्फाळजवळ निंगथौखोंग. डावं मनगट मोडलेलं, उजव्या हाताला आणि पायाला जखमा, तरी हा पोरगा सरपटत रणगाड्यांपासून तीस यार्डांवर गेला आणि दोन रणगाडे उडवले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण १९४७ पर्यंत गुरखा रेजिमेंटमध्ये किंग्ज कमिशन, म्हणजे पूर्ण अधिकारीपद, गोऱ्यांनाच. गुरख्याने कितीही पराक्रम करावा, सुभेदार मेजरच्या पुढे वाट बंद. बेताच्या घरातला इंग्रज पोरगा स्लिम मात्र १९४८ मध्ये लंडनला लष्करप्रमुख होतो.

आणि एप्रिल १९४४ मध्ये इम्फाळजवळच्या मोइरांगला आझाद हिंदचा तिरंगा फडकला, तेव्हा समोर कोणाची फौज होती? याचीच.

सुभेदाराची नात

@मुळाकाठ, समोरची फौज म्हणजे आपलीच माणसं हो. माझे आजोबा मराठा पलटणीचे. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या संगशाकला पाचव्या मराठाची चौथी बटालियन आणि गुरखा पॅराट्रूपर्स शेजारी शेजारी लढले. काटेरी तार नाही, पाण्याचे हाल, आणि तरी जपान्यांना काही दिवस रोखून धरलं. तेवढ्या दिवसांत मागे इम्फाळची तयारी झाली. आजोबांच्या तोंडी साम्राज्य हा शब्द कधी आला नाही, "आमची पलटण" एवढंच. त्या पलटणीला भाषा शिकून बोलणारा सेनापती मिळाला, याचं मोल मोठंच आहे. दोष पद्धतीचा होता, त्याचा नव्हे.

मुळाकाठ

आजोबांना मनापासून नमस्कार. त्यांच्या मानाबद्दल वादच नाही. पण पद्धतीत वर चढलेल्या माणसाला पद्धतीपासून वेगळं कसं काढता? लष्करप्रमुख झालेल्याला पद्धतीबद्दल दोन शब्द बोलता आले असते.

कडेपठार

गंजू लामाचा मुद्दा लागला मला. धाग्यात तो यायला हवा होता. कमिशनची दारं बंद होती, हा अन्यायच, त्यावर पांघरूण घालणार नाही.

पण एक गोष्ट सोडवत नाही. १९४० मध्ये सुदानच्या सीमेवर गल्लाबातला इटालियनांविरुद्ध आपण नको तितकी सावध चाल केली आणि चुकलो, हे स्लिमने स्वतः लिहून ठेवलंय. अपयशाचं खापर जवानांवर फोडणारे साहेब पोत्याने मिळतात. हा तसा नव्हता.

मुळाकाठ

ते मान्य. मग गंजू लामाचं पुढचंही धाग्यात घाला. फाळणीच्या वेळी दहापैकी चार गुरखा रेजिमेंट इंग्रजांकडे गेल्या, त्यात स्लिमच्या सहाव्या आणि सातव्या दोन्ही. गंजू लामा मात्र इकडे थांबला, नव्या अकराव्या गुरखा रायफल्समध्ये आला, मानद कॅप्टन झाला. तुमचा साहेब वाचायला मी तयार आहे, पण गंजू लामावरचा धागा आधी सुरू करा.