पीओ स्पॅममध्ये, लॉटरी इनबॉक्समध्ये. मदत हवी आहे (अर्जंट!!)

मकरपुरावाला
डोकं फिरलंय. गिऱ्हाइकाची पर्चेस ऑर्डर (पीओ) मंगळवारी आली आणि थेट स्पॅममध्ये जाऊन बसली. काल त्यांचा फोन, "४०० गास्केटं कुठायत?" मी म्हटलं, कुठली गास्केटं? शोधलं तर 'वजन घटवा' आणि 'गुडघेदुखी विसरा' या दोघांच्या मधे ऑर्डर. इनबॉक्सात मात्र परदेशातल्या कुणा विधवाबाईंनी माझ्यासाठी साडेचार कोटी काढून ठेवलेत. 'नॉट स्पॅम' दाबून दाबून बोट दुखलं. उपाय सांगा. भाषण नको.

रावपुरा_रिटायर्ड
मेल कुठलं?

मकरपुरावाला
जीमेल. आणखी कुठलं असणार?

लष्करकर_ग्वाल्हेर
सोपं आहे. त्या कंपनीच्या पत्त्याचा फिल्टर बनवा आणि 'नेव्हर सेंड इट टु स्पॅम'वर टिक करा. दोन मिनिटांचं काम.

सूरसागर_संध्याकाळी
दोन मिनिटांचं काम आणि जन्माची अद्दल. आमच्या दुकानात सप्लायरच्या नावाने मेल आला होता, "आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट नव्या खात्यात करा." पत्ता हुबेहूब त्यांचाच. स्पॅममध्ये पडला म्हणून सव्वा लाख वाचले. तुमचा फिल्टर असता तर तोही पाहुणा सरळ दिवाणखान्यात आला असता.

लष्करकर_ग्वाल्हेर
खातं बदललं म्हटल्यावर फोन करून विचारायचं असतं हो. त्यात फिल्टरचा काय दोष?

सूरसागर_संध्याकाळी
दोष कुणाचा म्हणतेय मी? बाबांनी चेक लिहायला घेतला होता, एवढंच सांगतेय.

खंडेराव_मार्केट
गंमत म्हणून सांगतो. पहिला स्पॅम मेल ३ मे १९७८ चा. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) सुमारे ४०० जणांना कॉम्प्युटरची जाहिरात पाठवली होती. 'स्पॅम' हे मुळात अमेरिकेतल्या डबाबंद मांसाचं नाव, १९३७ पासूनचं.

मकरपुरावाला
काका, त्यांचे ४०० राहू द्या, माझी ४०० गास्केटं अडकलीत.

पोहे_विदाउट_जिरावन
इंदूरहून लिहितोय. आमच्या मंडळाचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जायचे. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींची यादी) एसपीएफची ओळ टाका, म्हणजे तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते कळतं. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) चालू करा. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना गूगलने डीमार्कही (या तपासण्या फेल झाल्या तर मेलचं काय करायचं तो नियम) सक्तीचं केलंय. हे केलं की मिटलं.

मकरपुरावाला
(दुसऱ्या दिवशी) काल रात्री साडेअकरापर्यंत बसून एसपीएफची ओळ टाकली. काडीचा फरक नाही. आज अजून एक ऑर्डर स्पॅममध्ये.

रावपुरा_रिटायर्ड
फरक पडेल कसा? ती ओळ तुम्ही पाठवलेल्या मेलसाठी असते. तुमची अडचण येणाऱ्या मेलची आहे. पोहेवाल्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. पण एक सांगा, जीमेल म्हणता, मग डीएनएस कुठून आलं? ॲट च्या पुढे काय आहे?

मकरपुरावाला
आमच्या वर्कशॉपच्या नावाचं डोमेन आहे ना. होस्टिंगवाल्याकडून २०१६ ला घेतलं. त्यावर आलेलं सगळं जीमेलला फॉरवर्ड होतं. बघतो जीमेलमध्येच, म्हणून जीमेल म्हटलं.

रावपुरा_रिटायर्ड
हे पहिल्या दिवशी सांगायचं, राव! आता जीमेलमध्ये ती ऑर्डर उघडा, तीन ठिपके, 'शो ओरिजिनल'. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कपुढे काय लिहिलंय?

मकरपुरावाला
फेल, फेल, फेल. दहावीच्या मार्कशीटची आठवण झाली.

लष्करकर_ग्वाल्हेर
म्हणजे त्या कंपनीचाच घोटाळा. त्यांना सांगा सुधारायला.

रावपुरा_रिटायर्ड
मुळीच नाही. मेल फॉरवर्ड झाला की जीमेलला तो होस्टिंगच्या सर्व्हरकडून आलेला दिसतो. कंपनीच्या एसपीएफच्या यादीत तो सर्व्हर नसतो, म्हणून फेल. ते ठीक, पण डीकेआयएम ही मेलवरची सही. ती फॉरवर्डमध्ये टिकायला हवी, वाटेत कुणी मेलला हात लावला नाही तर. विषयाच्या सुरुवातीला काही चिकटवलेलं दिसतंय का?

मकरपुरावाला
हो! तीन चांदण्या, 'स्पॅम', परत तीन चांदण्या. मला वाटलं जीमेलच लिहितं.

रावपुरा_रिटायर्ड
सापडला चोर. होस्टिंगवर स्पॅमअसॅसिन हा स्पॅम ओळखणारा प्रोग्राम चालू असणार. तो प्रत्येक मेलला गुण देतो, साधारण ५ च्या वर गेला की विषयात हा शिक्का मारतो. विषय बदलला की सही मोडली. त्यात मोठ्या कंपन्यांनी डीमार्कमध्ये 'दोन्ही फेल झाले तर स्पॅममध्ये टाका' असं लिहून ठेवलेलं असतं, जीमेल तेच पाळतं. ऑर्डरचा विषय सगळा कॅपिटलमध्ये आणि आत एक ओळ नि पीडीएफ, असं असतं ना?

मकरपुरावाला
अगदी तस्संच. पण मग विधवाबाई कशा पास होतात?

रावपुरा_रिटायर्ड
त्यांचे गुण ५ च्या आत, म्हणून शिक्का नाही. सहीही बहुधा शाबूत. सही म्हणजे पत्र कुठल्या डोमेनकडून आलं तेवढं कळतं, पाठवणारा सज्जन आहे असं नाही. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये विषय बदलण्याचा पर्याय बंद करा. पुढेमागे फॉरवर्डच काढून डोमेनचं मेल सरळ चांगल्या सेवेवर न्या. आणि स्पॅम ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, जुन्या ऑर्डरी आजच काढून घ्या.

खंडेराव_मार्केट
एवढी डोकेफोड करण्यापेक्षा वॉट्सॲपवर मागवा ना ऑर्डर.

सूरसागर_संध्याकाळी
काका, ऑडिटला काय स्क्रीनशॉट दाखवायचे?

पोहे_विदाउट_जिरावन
माझी ओळ फुकट नाही गेली, त्यांचे कोटेशन आता नीट पोचतील. बाय द वे, बडोद्याला आलो की शेव-उसळ कुठे खायची?

लष्करकर_ग्वाल्हेर
शेव-उसळ म्हणजे मिसळच ना?

सूरसागर_संध्याकाळी
नाही!!! त्याला वेगळा धागा काढा, इथे भांडण नको.

मकरपुरावाला
शिक्का बंद केला. कंपनीला परत पाठवायला सांगितली, दोन मिनिटांत इनबॉक्सात. स्पॅममध्ये मागच्या तीन आठवड्यांतल्या आणखी दोन चौकश्या निघाल्या, एकाने तोवर दुसरीकडे माल घेतला. विधवाबाई आजही आल्यात, रक्कम वाढून सहा कोटी झालीये. रिटायर्डकाका, मकरपुऱ्यात आलात तर चहाला या.

नवीन_सभासद_वडोदरा
माझंही असंच होतंय. प्लीज लवकर उपाय सांगा.

रावपुरा_रिटायर्ड
मेल कुठलं?